आवतण दिलेली झाडं

शहापुराहून किन्हवलीच्या रस्त्याने मुरबाडकडे निघालं की अर्ध्यावर आमचं गाव लागतं. एसटीतून उतरले की मी अजूनही पुढच्या दाराने घरात शिरत नाही. शाळेत असताना मागच्या बाजूने, परसातून यायची सवय लागली ती लागलीच. परसात पाऊल टाकलं की आधी वेखंडाचा वास येतो. मोरीच्या पाण्याच्या काठाने ते वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलंय. पुढे निगडी, मग गवती चहा. त्या चहाच्या पात्यांनी पोटऱ्या कापल्या नाहीत असा माझा एकही पावसाळा गेलेला नाही. डोळे बांधून आणून सोडलं तरी मी कुठे उभी आहे ते सांगू शकेन.

या भाद्रपदात आले तेव्हाही वास सगळे जागच्या जागी होते. पण प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी हळद लावलेले तांदूळ पडले होते. अडुळशाशी होते, तुळशीशी होते, कोरफडीशी होते, पत्र्याच्या डब्यात लावलेल्या पानओव्याशीही होते. गुळवेल चढलेल्या कडुनिंबाशी तर ओंजळभर. चिमण्यांची नि मुंग्यांची चंगळ चालली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि मोरीच्या दगडावर बसले. भाऊ फोनवर बरेच दिवस सांगत होता, की बाबा विसरायला लागलेत. हो, वय झालंय, असं मी म्हणत होते. त्या तांदळांकडे बघितल्यावर मला तसं म्हणता येईना.

तांदळांचं सांगायला हवं. माझे वडील काविळीचं औषध द्यायचे. रविवारी आणि बुधवारी, सकाळी, घेणाऱ्याने उपाशीपोटी यायचं. आदल्या संध्याकाळी बाबा परसात जायचे, ज्या झाडाचा पाला किंवा मूळ हवं त्याच्यापुढे उकिडवे बसायचे आणि हळदीचे तांदूळ ठेवून हलक्या आवाजात त्याच्याशी बोलायचे. अमक्या गावच्या अमक्याचं पोर आजारी आहे, उद्या तुला न्यायला येतो, चल. याला आमच्याकडे आवतण म्हणतात. लग्नाकार्याला घरोघर देतात तेच, तसंच. सकाळी आंघोळ करून, कुणाशी न बोलता, आपली सावली झाडावर पडणार नाही अशा बाजूने जाऊन ते आणायचं. आवतण न देता तोडलं तर ती चोरी. आणि आवतण देऊन नेलं नाही, तर ते त्याहून वाईट. बोलावलेल्या पाहुण्याला दारात उभं करून ठेवण्यातला तो प्रकार, असं बाबा म्हणत, आणि असं घडलं तर ते झाड त्या घराला पुन्हा कधी गुण देत नाही, असं ते मानत.

आता ते रोज संध्याकाळी सगळ्या परसाला आवतण देत होते आणि सकाळी त्यातलं त्यांना काही आठवत नव्हतं.

बाबा वाशिंदच्या एका कंपनीत फिटर होते. त्यांच्या हाताला दोन वास असायचे. कामावरून आले की ग्रीसचा, परसातून आले की पाल्याचा. साबणाने दोन्ही पुरते जात नसत. ताप आला की मी त्यांचा हात कपाळावरून हलू द्यायची नाही, ती या मिसळलेल्या वासासाठी. आय म्हणायची, पोरीला ताप कमी आणि लाड जास्त झालेत. मग बाबा हसून हात काढायचे आणि मी पुन्हा कण्हायला लागायची. आमचं हे नाटक काढा उकळून होईपर्यंत चालायचं. काढ्याचं भांडं चुलीवरून उतरलं की मात्र मी गोधडीत तोंड लपवायची, कारण त्या काढ्यापुढे कुठलंच नाटक टिकत नसे.

वर्षाचे महिने आम्हाला कॅलेंडरवरून कळत नसत. हिरडे-बेहडे अंगणात वाळत पडले आणि अनवाणी पायांना टोचायला लागले की थंडी आली. अडुळशाच्या पानांची धुरी सुरू झाली की कुणीतरी खोकतंय. कुडा पांढरा फुलला की उन्हाळा आता फार दिवस उरत नाही. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी पडायची आणि पाण्याला ओल्या मातीची चव यायची. भात पोटरीला आलं, लोंबी धरू लागलं की परसात आणि शेतात हिरव्या रंगाची नुसती गर्दी व्हायची, आणि हेच दिवस काविळीचे. तेव्हा आमचं अंगण पहाटेपासून भरायचं.

मी ती माणसं डोळ्यांपुढे आणू शकते. ओटीच्या कडेने ओळीने बसलेली, पिवळ्या डोळ्यांची, एकमेकांकडे न बघणारी. कुणी मुरबाडच्या बाजूने रातोरात चालत आलेलं, कुणी डोंगरातल्या पाड्यावरून म्हातारीला पाठंगुळी घेऊन. आतून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा आवाज यायचा आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. बाबा एकेकाची खालची पापणी ओढून बघायचे, नखं दाबून बघायचे, मग द्रोण पुढे करायचे. औषध पिऊन झालं की माणसाने येतो म्हणायचं नाही, नुसतं उठून चालू लागायचं. येतो म्हटलं की दुखणंही परत येतं. आयने शिकवलेला शिष्टाचार तिथे उलटा होता, त्यामुळे आम्हा पोरांना ते बघायला फार मजा यायची. एखादा विसरून येतो म्हणालाच तर सगळं अंगण त्याला दापायचं.

त्या पाल्याचं नाव बाबांनी कधी उच्चारलं नाही. नाव घेतलं की गुण जातो. मला ते झाड ठाऊक आहे, पण इथेही मी त्याचं नाव लिहिणार नाही. माझा विश्वास आहे म्हणून नाही. मी कल्याणला औषधांच्या दुकानात काम करते, दिवसभर नावं वाचण्यातच माझा जन्म चाललाय. पण ते नाव लिहायला हात उचलत नाही, एवढं खरं. बाबा माझी थट्टा करायचे, की तुमच्या गोळ्यांना कोण आवतण देतं गो. मीही सोडायची नाही. आमच्या गोळ्यांवर निदान नाव तरी छापलेलं असतं, म्हणायची. त्यावर ते मनापासून हसायचे.

या सगळ्यात एक गोष्ट मला लहानपणीही खटकायची. बाबांचं औषध आमच्या घराला चालत नसे. ताप-खोकल्याचा काढा चालायचा, पण काविळीचं नाही. देणाऱ्याचा हात स्वतःच्या रक्ताला लागू पडत नाही, असं ते धरून चालत. भाऊ लहान असताना त्याचे डोळे पिवळे झाले. त्या दिवशी अंगणात दुसऱ्यांची पोरं बाबांच्या हातून औषध पिऊन गेली आणि आमचं पोर आत पडून होतं. बाबांनी डोंगरातल्या ठाकरवाडीला निरोप धाडला. तिथले कान्हूमामा हेच औषध द्यायचे, आणि त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं की बाबा जायचे. मामा आले, द्रोण घेऊन आत गेले. बाबा बाहेर ओटीच्या कडेला बसून राहिले, बाकीची माणसं बसत त्याच जागी, गुडघे पोटाशी घेऊन. मामा बाहेर येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. रोज दुसऱ्यांना धीर देणारा माणूस स्वतः एवढा घाबरतो, हे मी पहिल्यांदा बघितलं आणि मला त्यांचा राग आला. का आला, ते तेव्हा कळलं नाही. आता थोडं थोडं कळतंय.

भाऊ बरा झाला. तो आज त्याच वाशिंदला दुसऱ्या कंपनीत नोकरी करतो. कान्हूमामा गेले, आय गेली. ठाकरवाडीत आता कुणी देत नाही. आमच्या अंगणातलीही गर्दी हळूहळू ओसरली, आणि मला वाटलं की हे आपोआपच संपेल, कुणाला काही बोलावं लागणार नाही. पण मध्यंतरी कुणीतरी बाबांचं नाव मोबाइलवर टाकलं. वाशिंदला उंच इमारती उठल्यात, तिथली माणसं रविवारी मोटरसायकली काढून यायला लागली. यांना ना पहाटेचा नियम माहीत, ना येतो न म्हणण्याचा. भावाने दोन-चार जणांना परत पाठवलं. पण त्याची शिफ्ट असली की घरी बाबाच, आणि दारात आलेल्याला बाबा नाही म्हणत नाहीत.

म्हणून भावाने मला बोलावलं होतं. औषध बंद करा हे बाबांना तूच सांग, तुझं ऐकतील, असं म्हणाला. माझं कोण ऐकतंय, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला फक्त एकट्याने सांगायचं नव्हतं.

मी आले तो शनिवार होता. दुपारी बाबा झोपून उठले, परसात आले आणि त्यांना ते तांदूळ दिसले. तोवर मी त्यांना विसरलेला माणूस समजत होते. आता मला दिसलं की विसरल्याचं त्यांना कळतं, आणि तेच जास्त वाईट होतं. ते एकेका झाडापुढे थांबत होते. याला कोणासाठी बोलावलं, असं स्वतःलाच विचारत होते. अडुळशापुढे त्यांनी हात जोडले. पानओव्याच्या डब्यापुढे वाकून काहीतरी पुटपुटले. मी त्यांना धरून घरात नेलं. चहा दिला तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"कोणाला तरी शब्द दिलाय गो मी," म्हणाले. "तो माणूस वाट बघत असंल."

कुणी नाही बाबा, असं मी म्हणाले. त्यांनी बशी बाजूला सारली आणि परसाच्या दाराकडे बघत बसले.

संध्याकाळी भाऊ आणि वहिनी आत होते, मी वाल सोलत मागच्या पायरीवर बसले होते. उन्हं कलली तसे बाबा तांदळाची वाटी घेऊन बाहेर आले. चालणं सरळ, पाठ ताठ, दुपारचा माणूस जणू तो नव्हेच. मी त्यांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्यांना तसं निघालेलं बघून मी काही क्षण पुन्हा शाळेतली झाले. ते वेखंड ओलांडून गेले, निगडी ओलांडून गेले, थेट कुंपणापाशी गेले आणि उकिडवे बसले.

कुंपणावर कळलावी फुलली होती. लाल-पिवळी, वर वळलेल्या पाकळ्यांची. गौरीच्या दिवसांत फुलते म्हणून आमच्याकडच्या बायका तिला गौरीचे हात म्हणतात. बाबांनी ती लावली होती एका कामासाठी. बाई अडली तर तिचा कंद उगाळून तळपायाला चोळायचा आणि मूल बाहेर आलं की लगेच धुऊन टाकायचा. बस, एवढंच. तो कंद तोंडात जाता कामा नये, गेला तर माणूस जातो, हे आम्हाला चालायला यायच्या आधीपासून शिकवलेलं. आम्हा भावंडांनी त्या कुंपणाजवळ खेळल्याबद्दल जेवढा मार खाल्ला तेवढा दुसऱ्या कशाबद्दलही खाल्ला नसेल.

बाबा तिच्यापुढे तांदूळ ठेवत होते.

"खरिवलीचं पोर हाय," ते तिला सांगत होते. "डोळे पिवळे झालेत. उद्या तुला न्यायला येतो. चल."

खरिवलीचं ते पोर मला आठवत होतं. ते माझ्याच वयाचं होतं. आज त्याचीही पोरं कामाला लागली असतील.

वालाची परात बाजूला ठेवून मी त्यांच्याजवळ गेले. "बाबा, ही कळलावी आहे," म्हणाले.

"मला झाडं शिकवतेस काय गो," असं ते म्हणाले, आणि मग त्या फुलाकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला सांगता येणार नाही, सांगूही नये. त्यांनी खाली वाकून तांदळाचे दाणे उचलायला सुरुवात केली. थोडे उचलले, आणि थांबले. दिलेलं आवतण मागे कसं घ्यायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. ते दाणे त्यांनी परत जागेवर ठेवले आणि माझा हात धरून उठले. हात गार होता. 

उद्या रविवार. कुणी ना कुणी येणारच, आणि तांदूळ दिसले की बाबा आपला शब्द पाळायला कुंपणाकडे जाणारच. जेवताना भाऊ म्हणाला की परसच सपाट करून टाकू, जेसीबी अर्ध्या तासात करील. त्याचं चुकत नव्हतं. बाबा शेजारी बसून भात कालवत होते. त्यांनी ऐकलं का, ते समजलं नाही.

पहाटे उजाडतंय तोच मी खुरपं घेऊन बाहेर पडले. कळलावीचे कंद खोल असतात, आणि मोडतात. मोडलेला तुकडा मातीत राहिला तर पुढच्या पावसात पुन्हा येते, म्हणून कुंपणाची माती मी हाताने चाळून काढली. सगळं गोणत्यात भरलं. मधेच माझ्या लक्षात आलं, की माझी सावली वेलीवर पडू नये म्हणून मी मघापासून अवघडून बसले आहे, आणि कुणाशीही बोलले नाही. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही आवरून मी गोणत्याचं तोंड बांधलं. वळले तर बाबा पायरीवर उभे. आंघोळ केलेले, केस ओले.

"नेलंस?"

"नेलं."

"बरं केलंस," असं म्हणून ते आत गेले आणि ओटीवर जाऊन बसले. कंपनीतून मिळालेला खाकी शर्ट त्यांनी घातला होता, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून.

गोणतं भावाच्या हवाली केलं. हात घासून घासून धुतले. चहा टाकते तोच अंगणात मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. तरुण नवरा-बायको होते, आणि दोघांच्या मध्ये बसवून आणलेली एक मुलगी, चारेक वर्षांची असेल. बापाच्या खांद्यावर तिची मान पडली होती. तिचे डोळे मी दारातूनच बघितले.

माझं वाक्य मी तयार ठेवलं होतं. बाबांची तब्येत बरी नाही, औषध बंद झालंय, पोरीला दवाखान्यात न्या. कल्याणपासून घोकत आलेलं वाक्य. पण ते मला बाबांच्या समोर म्हणावं लागणार आहे, हे मी धरलंच नव्हतं. ओटीवर बसलेल्या माणसाकडे बघून, तुमचं संपलं, असं तिसऱ्याच कुणाला सांगायचं. 

त्या तरुणाने ओटीवरच्या म्हाताऱ्याला नमस्कार केला. "बाबा, काविळीचं औषध देतात ते इथेच राहतात ना?"

बाबांनी मुलीला जवळ आणायची खूण केली. खालची पापणी ओढून बघितली. नखं दाबून बघितली, सगळी, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. बोटं तीच होती, कुठेही चुकत नव्हती. मी एक पाऊल पुढे टाकलं. आता ते उठतील आणि परसाकडे निघतील, असं मला वाटलं.

"ऱ्हात होता," बाबा म्हणाले. "गेला तो."

बाई घाबरून नवऱ्याकडे बघायला लागली. कधी, असं तिने विचारलं.

"झाले दिवस. त्याच्या मागं कोणाला येत नाय. पोरीला शहापूरला ने, सरकारी दवाखान्यात. आताच ने, थांबू नको. वाटेत कोणी पाला दिला तरी घेऊ नको."

हे ते समजून म्हणाले, की खरोखरच तो कुणी दुसरा माणूस होता आणि तो गेला असं त्यांना वाटत होतं, हे मला त्या वेळी कळलं नाही. आजही कळलेलं नाही. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. अंगणात बसलेल्या माणसांना ते पथ्य सांगायचे, तोच आवाज होता.

तरुणाने मुलीला पुन्हा खांद्यावर घेतलं. बाईने घराच्या दिशेने हात जोडले, कुणी गेलेल्या घरी जोडतात तसे. फार गुण होता म्हणे त्यांच्या हाताला, असं ती म्हणाली. मग जाता जाता माझ्याजवळ थांबली आणि आवाज खाली आणून तिने विचारलं, "तुमचे कोण होते ते?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"वडील," मी म्हणाले. "माझे वडील होते."